टेलेट्रॉनिक्स एलए-२ए

टेलेट्रॉनिक्स एलए-२ए हा ध्वनिमुद्रण आणि नभोवाणी प्रक्षेपण या क्षेत्रांत वापरला जाणारा प्रकाशीय प्रकारचा कॉम्प्रेसर, म्हणजे ध्वनिसंपीडक, आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील पॅसाडीना येथील टेलेट्रॉनिक्स इंजिनीअरिंग कंपनीने इ.स. १९६० च्या दशकात तो बाजारात आणला. अभियंता जेम्स एफ. लॉरेन्स हे त्याचे निर्माते होत. उत्पादकाने त्याचा उल्लेख ‘लेव्हलिंग अँप्लिफायर’, म्हणजे पातळी समतल करणारा विवर्धक, असा केला होता आणि यंत्राच्या नावातील ‘एलए’ ही अक्षरे त्यावरूनच आली आहेत.

या यंत्रात ध्वनिसंकेताची पातळी एका प्रकाशमान पट्टीच्या व प्रकाशसंवेदी रोधकाच्या साहाय्याने कमी केली जाते आणि त्यानंतरचे विवर्धन निर्वात नलिकांद्वारे होते. दर्शनी भागावर प्रमुख नॉब दोनच आहेत. त्यामुळे हे यंत्र चालविण्यास अत्यंत सोपे समजले जाते. हा समज अर्धाच खरा आहे. इतर कॉम्प्रेसरमध्ये वापरकर्त्याने घ्यावयाचे अनेक निर्णय येथे प्रकाशघटकाच्या भौतिक गुणधर्मांनी आधीच घेतलेले असतात, आणि उरलेल्या दोन-तीन निर्णयांवर सारा परिणाम अवलंबून राहतो. म्हणूनच यंत्राची प्राथमिक जुळवणी आणि त्याच्या काट्याचे वाचन यांना विशेष महत्त्व आहे.

संपीडनाची आवश्यकता

मानवी आवाजातील सर्वांत मंद आणि सर्वांत तीव्र ध्वनी यांच्या पातळीत मोठे अंतर असते. गायक मंद्र सप्तकात हलक्या आवाजात गात असताना आणि तार सप्तकात आवाज मोकळा सोडत असताना मायक्रोफोनकडे पोहोचणारा संकेत कैक डेसिबलने बदलतो. त्यात गायकाच्या मायक्रोफोनपासून मागेपुढे होण्याची भर पडते. वाद्यमेळाच्या सोबतीत हे अंतर तसेच राहू दिले, तर हलके शब्द वाद्यांत बुडतात आणि मोठे शब्द अंगावर येतात.

कॉम्प्रेसर हे अंतर कमी करतो. ठरावीक पातळी ओलांडणारा संकेत तो विशिष्ट गुणोत्तराने दाबतो. उदाहरणार्थ, गुणोत्तर ३:१ असेल, तर त्या पातळीच्या ९ डेसिबल वर गेलेला संकेत बाहेर पडताना केवळ ३ डेसिबल वर राहतो. मोठा आवाज आल्यावर दाब सुरू होण्यास लागणाऱ्या काळास ‘अटॅक’ आणि आवाज ओसरल्यावर पातळी पूर्ववत होण्यास लागणाऱ्या काळास ‘रिलीज’ म्हणतात. बहुतेक कॉम्प्रेसरमध्ये उंबरठ्याची पातळी, गुणोत्तर, अटॅक व रिलीज यांसाठी स्वतंत्र नॉब असतात. एलए-२ए मध्ये अटॅक व रिलीज यांचे नॉब नाहीत, आणि गुणोत्तरासाठी केवळ दोन स्थितींचा एक खटका आहे.

इतिहास

नभोवाणी केंद्रांवर प्रक्षेपकाकडे जाणारा संकेत मर्यादेबाहेर जाऊ नये, यासाठी पूर्वी तंत्रज्ञाला पातळीच्या नियंत्रकावर सतत हात ठेवून बसावे लागे. लॉरेन्स यांनी अशा केंद्रावर काम केलेले होते आणि हे कंटाळवाणे काम यंत्राकडे सोपविण्याच्या विचारातून त्यांच्या संशोधनाला दिशा मिळाली. लष्करी क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी प्रकाशीय संवेदकांवर केलेल्या कामाचा त्यांना येथे उपयोग झाला. एलए-१ आणि एलए-२ ही यंत्रे आधी तयार झाली आणि त्यांच्या सुधारणेतून एलए-२ए आकारास आले.

इ.स. १९६५ मध्ये टेलेट्रॉनिक्स ही बॅबकॉक इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीकडे गेली. इ.स. १९६७ मध्ये बॅबकॉकचा प्रक्षेपण विभाग बिल पुटनम यांच्या स्टुडिओ इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने विकत घेतला. या कंपनीचे नाव पुढे युनायटेड रेकॉर्डिंग इलेक्ट्रॉनिक्स इंडस्ट्रीज, म्हणजेच यूआरईआय, असे झाले. पुटनम हे स्वतः ध्वनिमुद्रक व स्टुडिओचालक असल्यामुळे नभोवाणीसाठी जन्मलेले हे यंत्र त्यांच्याकडे आल्यावर संगीताच्या स्टुडिओंच्या आणखी जवळ आले.

नलिकांची जागा ट्रान्झिस्टर घेत होते. इ.स. १९६९ मध्ये यूआरईआयने तोच प्रकाशघटक वापरून ट्रान्झिस्टरवर चालणारा एलए-३ए बाजारात आणला आणि त्याच सुमारास एलए-२ए चे मूळ उत्पादन थांबले. पुटनम यांच्या मुलांनी इ.स. १९९९ मध्ये युनिव्हर्सल ऑडिओ ही कंपनी नव्याने सुरू केली. या कंपनीने एलए-२ए चे पुनरुत्पादन केले. आज स्टुडिओंत आढळणारी बहुतांश यंत्रे अशा पुनरुत्पादनापैकी किंवा इतर उत्पादकांच्या अनुकृतींपैकी असतात.

रचना आणि कार्यतत्त्व

यंत्राचा गाभा म्हणजे ‘टी-४’ या नावाने ओळखला जाणारा प्रकाशघटक. बंद डब्यासारख्या या भागाला नलिकेप्रमाणेच खाली आठ पिनांचा पाया असतो आणि तो खोबणीतून काढून बदलता येतो. डब्याच्या आत विद्युत्-संदीप्तीवर चालणारी एक पट्टी आणि तिच्यासमोर कॅडमियम सल्फाइडचे दोन प्रकाशसंवेदी रोधक असतात. बाहेरचा प्रकाश आत येत नाही.

आत येणारा संकेत प्रथम रोहित्रातून जातो. त्यानंतर त्याच्या दोन शाखा होतात. पहिली शाखा ऐकू येणाऱ्या ध्वनीची. या मार्गावर एक स्थिर रोधक आहे आणि त्याच्या पुढच्या टोकापासून भूमीकडे प्रकाशसंवेदी रोधक जोडलेला आहे. अंधारात या रोधकाचा रोध फार मोठा असल्याने संकेत जवळजवळ जसाच्या तसा पुढे जातो. प्रकाश पडला, की रोध घटतो आणि संकेताचा काही भाग भूमीकडे वळतो. जितका प्रकाश अधिक, तितका पुढे जाणारा संकेत क्षीण. या घटीनंतर ‘गेन’ नॉब आणि नलिका-विवर्धक येतात. दाबण्याचे काम नलिका करीत नाहीत. फेअरचाइल्ड ६७० सारख्या यंत्रांत प्रत्यक्ष नलिकेचेच विवर्धन कमी-जास्त केले जाते. तो प्रकार याहून वेगळा आहे.

दुसरी शाखा नियंत्रणाची. ‘पीक रिडक्शन’ नॉबने ठरविलेल्या प्रमाणात संकेत या शाखेतील विवर्धकाकडे जातो आणि तेथून वाढलेला संकेत थेट प्रकाशपट्टीला दिला जातो. ही पट्टी प्रत्यावर्ती विद्युत् दाबावर प्रकाशते आणि ध्वनिसंकेत मुळात प्रत्यावर्तीच असल्याने त्याचे वेगळे एकदिशीकरण करावे लागत नाही. थोडक्यात, गाणारा आवाज स्वतःच दिवा पेटवतो आणि त्या दिव्याच्या उजेडात स्वतःच मंद होतो. मूळ यंत्रात ध्वनीच्या मार्गावर १२एएक्स७ आणि १२बीएच७, तर नियंत्रणाच्या मार्गावर १२एएक्स७ आणि ६एक्यू५ अशा एकूण चार नलिका असतात.

प्रकाशपट्टी उजळणे आणि रोधकाने प्रतिसाद देणे या क्रियांना थोडा वेळ लागतो. अटॅकचा सरासरी काळ सुमारे १० मिलिसेकंद आहे. यूआरईआयच्याच १९६० च्या दशकातील ११७६ या कॉम्प्रेसरमध्ये तो २० मायक्रोसेकंदांपर्यंत खाली आणता येतो. हे पाहता एलए-२ए संथ म्हणावा लागेल. रिलीजचे वर्तन याहून लक्षणीय आहे. प्रकाश विझल्यावर निम्मी पातळी सुमारे ६० मिलिसेकंदांत परत येते, परंतु उरलेली निम्मी पूर्ववत होण्यास अर्ध्या सेकंदापासून ५ सेकंदांपर्यंत वेळ लागतो.

हा दुसरा टप्पा किती लांबेल, हे आधी पडलेल्या प्रकाशावर अवलंबून असते. कॅडमियम सल्फाइडला प्रकाशाची एक प्रकारची ‘स्मृती’ असते. एखादा क्षणिक ठोका येऊन गेला, तर रोधक लवकर सावरतो. दीर्घकाळ तीव्र आवाज चालू राहिला, तर तो सावकाश सावरतो. त्यामुळे एकाच गाण्यात, एकही नॉब न हलवता, रिलीजचा काळ संगीताच्या ओघानुसार बदलत राहतो. गायनावर हे यंत्र ‘ऐकू न येता’ काम करते असे म्हणतात, त्याचे कारण बहुतांशी या द्विस्तरीय परतीत आहे. नलिका व रोहित्रे यांचाही यात वाटा आहे, पण विक्रीच्या मजकुरात ‘नलिकांची ऊब’ या शब्दांत सांगितला जातो तितका तो मोठा नाही. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या एलए-३ए मध्येही टी-४ मुळे येणारी हीच चाल ओळखू येते.

नियंत्रणे

‘पीक रिडक्शन’ आणि ‘गेन’ या दोन्ही नॉबांवर ० ते १०० असे आकडे असतात. ते डेसिबल दर्शवीत नाहीत. केवळ खूण म्हणून त्यांचा उपयोग होतो. पीक रिडक्शन वाढविल्यास प्रकाशपट्टीकडे अधिक संकेत जातो आणि दाब वाढतो. गेन नॉब संकेत दाबला गेल्यानंतरच्या टप्प्यावर असल्याने त्याचा दाबाच्या प्रमाणावर परिणाम होत नाही. ही स्वतंत्रता ध्यानात न घेतल्यामुळे नवखे वापरकर्ते बाहेर पडणारा आवाज मोठा वाटला, की पीक रिडक्शन वाढवीत जातात आणि नको तितका दाब देतात.

‘कॉम्प्रेस’ व ‘लिमिट’ या दोन स्थितींच्या खटक्याने गुणोत्तर बदलते. कॉम्प्रेस स्थितीत ते साधारण ३:१ असते, तर लिमिट स्थितीत ते पुष्कळ अधिक होते. मात्र दाब थोडाच असेल, तर दोन्ही स्थितींतील फरक कानाला सहजी जाणवत नाही. सुरुवातीच्या काही यंत्रांत हा खटका मागील बाजूस होता.

काट्याच्या मापकाला तीन स्थिती आहेत. ‘गेन रिडक्शन’ स्थितीत काटा शून्यावर विसावतो आणि जितके डेसिबल घट होईल तितका डावीकडे झुकतो. उरलेल्या दोन स्थितींत तो बाहेर पडणारी पातळी दाखवितो. ‘+४’ स्थितीत काट्याचे शून्य म्हणजे +४ डीबीएम आणि ‘+१०’ स्थितीत +१० डीबीएम.

येथे एक रचनात्मक मर्यादा नोंदविली पाहिजे. गेन रिडक्शन दाखविणारा काटा ध्वनीची प्रत्यक्ष घट मोजत नाही. टी-४ मधील दुसरा रोधक केवळ या काट्यासाठीच असतो. दोन्ही रोधकांवर तोच प्रकाश पडतो हे खरे, परंतु दोन्ही तंतोतंत सारखे नसतात आणि वयोमानानुसार त्यांच्यातील फरक वाढू शकतो. अंतिम निर्णय कानावर सोपविण्याचा सल्ला या यंत्राबाबत दिला जातो, तो केवळ अनुभवी माणसांचा हट्ट नव्हे.

मांडणी आणि जुळवणी

यंत्र १९ इंची मांडणीच्या चौकटीत तीन घरे व्यापते. नलिकांमुळे ते चांगलेच तापते, म्हणून वर मोकळी जागा ठेवावी लागते. मोठ्या रोहित्राचे उपकरण लगत असल्यास आत येणाऱ्या संकेताचे रोहित्र त्याचा चुंबकीय गुणगुणाट उचलते. अशा वेळी चौकटीतील क्रम बदलणे हाच सोपा उपाय ठरतो.

विद्युत् पुरवठ्याची तपासणी सर्वप्रथम करावी. अमेरिकेतील घरगुती पुरवठा सुमारे १२० व्होल्टचा, तर भारतातील २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा आहे. परदेशातून जुने यंत्र आणल्यास ते कोणत्या दाबासाठी जोडलेले आहे हे मागील पट्टीवर, आवश्यक तर आतील रोहित्राच्या जोडणीवर, पाहून खात्री केल्याशिवाय ते भिंतीवरील सॉकेटला लावू नये. ११५ व्होल्टसाठी जोडलेल्या यंत्राला पुरेशा क्षमतेचे दाब कमी करणारे रोहित्र लागते. दाब बदलल्यास फ्यूजचे मूल्यही बदलावे लागते आणि हे वारंवार विसरले जाते. गुणगुण कमी होते म्हणून अर्थिंगची पिन काढून टाकण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. नलिकायंत्रांत आतला विद्युत् दाब शेकडो व्होल्ट असतो, त्यामुळे हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

एलए-२ए ला लाइन पातळीचा संकेत लागतो. मायक्रोफोन थेट जोडता येत नाही. यंत्राचे कमाल विवर्धन सुमारे ४० डेसिबल असले, तरी ते मायक्रोफोनच्या पूर्वविवर्धकाची जागा घेऊ शकत नाही. ध्वनिमुद्रण करताना मायक्रोफोन, पूर्वविवर्धक, एलए-२ए आणि त्यानंतर मुद्रणयंत्र किंवा संगणकाचा ऑडिओ इंटरफेस असा क्रम ठेवतात. मिश्रणाच्या वेळी संगणकातून संकेत बाहेर काढून यंत्रातून फिरवून परत आत घ्यावयाचा असल्यास त्या फेरीला लागणारा विलंब संगणकप्रणालीत भरून काढावा लागतो, अन्यथा परत आलेला ध्वनी इतर पट्ट्यांच्या किंचित मागे पडतो. मूळ यंत्रांच्या मागे स्क्रूने तारा आवळण्याची पट्टी असे. पुनरुत्पादित यंत्रांत एक्सएलआर जोडण्या असतात.

यंत्र सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटे तापू देऊन मगच जुळवणी करणे इष्ट. प्रथम मापक गेन रिडक्शन स्थितीत ठेवून पीक रिडक्शन पूर्णपणे शून्यावर आणतात आणि काटा शून्यावर येईपर्यंत शून्य-समायोजनाचा स्क्रू फिरवितात. थंड यंत्रावर केलेले समायोजन थोड्याच वेळात सरकते. त्यानंतर १००० हर्ट्झचा स्थिर स्वर +४ पातळीवर देऊन, पीक रिडक्शन शून्यावर असतानाच, आत येणारी व बाहेर पडणारी पातळी समान होईल अशा जागी गेन आणून ठेवतात आणि त्या जागेची नोंद करून ठेवतात. ही खूण पुढे फार उपयोगी पडते, कारण मूळ एलए-२ए मध्ये यंत्र वगळून संकेत सरळ पुढे नेणारा खटकाच नाही. दाबलेला आणि न दाबलेला आवाज यांची तुलना करायची असेल, तर मिश्रकावरील किंवा पॅच-बेवरील सोय वापरावी लागते.

‘आर३७’ या नावाने ओळखला जाणारा स्क्रू हा जुळवणीतील सर्वाधिक दुर्लक्षित भाग होय. एफएम प्रक्षेपणात उच्च वारंवारता मुद्दाम वाढवून पाठविल्या जातात, त्यामुळे त्या पट्ट्यातील संकेत मर्यादा लवकर ओलांडतो. यावर उपाय म्हणून नियंत्रणशाखेला उच्च वारंवारतेबाबत अधिक संवेदनशील करण्याची सोय लॉरेन्स यांनी ठेवली. संगीतासाठी हा स्क्रू सपाट स्थितीत, म्हणजे सर्व वारंवारतांना सारखा प्रतिसाद देणाऱ्या टोकाला, असणे अपेक्षित आहे. प्रक्षेपणकेंद्रातून आलेले जुने यंत्र तसे असेलच असे नाही. दोन एलए-२ए शेजारी ठेवल्यावर ‘एकाचा आवाज वेगळा आहे’ अशी तक्रार येते तेव्हा प्रथम हा स्क्रू पाहावा.

दोन यंत्रे स्टिरिओसाठी जोडावयाची झाल्यास मागील बाजूच्या जोडणीतून त्यांच्या नियंत्रणशाखा एकमेकींशी बांधतात, जेणेकरून एका बाजूला मोठा आवाज आला तरी दोन्ही बाजू सारख्याच दबाव्यात. तसे न केल्यास मध्यभागी असलेला गायक डावी-उजवीकडे सरकल्याचा भास होतो. दोन टी-४ घटक हुबेहूब नसल्याने जोडणीनंतरही बारीक समायोजन उरतेच.

चालविण्याची पद्धत

प्रचलित पद्धत अशी: गेन वर सांगितलेल्या समपातळीच्या खुणेवर ठेवावा, पीक रिडक्शन शून्यावर आणावे आणि गाण्यातील सर्वांत मोठ्या आवाजाचा भाग वाजवावा. नंतर पीक रिडक्शन हळूहळू वाढवीत मोठ्या शब्दांवर काटा ३ ते ५ डेसिबल झुकेपर्यंत न्यावे. आता हलका भाग वाजवून पाहावा. तेथे काटा शून्याजवळ परत येत असेल, तर यंत्र केवळ गरजेपुरते काम करीत आहे. काटा सदैव डावीकडेच लटकत असेल, तर दाब सरसकट पडत आहे आणि आवाजातील चढउतार सपाट होत आहेत. शेवटी, जितकी पातळी घटली असेल तितकी गेनने भरून काढावी.

तुलना नेहमी समान पातळीवर करावी. किंचित मोठा आवाज मानवी कानाला अधिक चांगला वाटतो, आणि गेन दोन डेसिबल जास्त राहिला, की वाईट जुळवणीही सुधारणा वाटू लागते.

काटा परत येताना पाहणे बोधप्रद असते. वाक्य संपताच काटा झटकन अर्ध्यावर येतो आणि मग रेंगाळत शून्याकडे सरकतो. पुढचे वाक्य तो पूर्ण परतण्यापूर्वीच सुरू झाले, तर त्याचे पहिले शब्द थोडे दबलेलेच उमटतात. संथ लयीच्या गाण्यात हे सहसा खटकत नाही. भराभर येणाऱ्या शब्दांच्या गाण्यात मात्र पीक रिडक्शन कमी ठेवणेच बरे.

गायन, बास गिटार आणि दीर्घ स्वरांची वाद्ये यांवर हे यंत्र विशेष वापरले जाते. आघाताच्या वाद्यांवर १० मिलिसेकंदांच्या अटॅकचा परिणाम स्पष्ट होतो. तबल्यासारख्या वाद्यात बोलाची सुरुवातीची कड दाब सुरू होण्यापूर्वीच निसटून जाते आणि मागून येणारी आस तेवढी दबते. परिणामी थाप अधिक टोकदार भासते. काही वेळा हेच हवे असते. मात्र डिजिटल मुद्रणात ही निसटलेली टोके कमाल पातळीला धडकून विरूपण घडवू शकतात. एलए-२ए पुढे आहे म्हणून शिखरांची काळजी नाही, असे गृहीत धरता येत नाही. लिमिट ही स्थितीसुद्धा अशा क्षणिक शिखरांसाठी पुरेशी जलद नाही.

यावरील रूढ उपाय म्हणजे दोन कॉम्प्रेसर एकापुढे एक लावणे. ११७६ सारखे जलद यंत्र आधी ठेवून शिखरे छाटली जातात आणि नंतर एलए-२ए संथपणे एकूण पातळी समतल करतो. प्रत्येकावर थोडा थोडाच दाब असल्याने दोन्हींचे काम कानाला कमी जाणवते. क्रम उलटा ठेवणारेही ध्वनिमुद्रक आहेत, आणि त्याचा परिणाम वेगळा येतो.

बास किंवा ढोलासारख्या खर्जप्रधान ध्वनीवर प्रत्येक ठोक्यासरशी संपूर्ण आवाज खाली-वर होताना ऐकू येत असेल, तर आर३७ चा स्क्रू सपाट स्थितीवरून थोडा हलवितात. त्यामुळे खर्जाचा नियंत्रणशाखेवरील प्रभाव तुलनेने कमी होतो. परंतु त्याच वेळी ‘स’, ‘श’ यांसारख्या ऊष्म वर्णांवर यंत्र अधिक दाब देऊ लागते. काम संपल्यावर स्क्रू मूळ जागी न आणल्यास पुढच्या वापरकर्त्याला कारण न कळता वेगळा आवाज मिळतो.

गेनने पातळी भरून काढताना हलका आवाज वर येतो, आणि त्यासोबत गायकाचा श्वास, खोलीतला पंखा आणि रस्त्यावरचा भोंगाही वर येतो. चांगली ध्वनिरोधक खोली नसलेल्या ठिकाणी हे यंत्र खोलीचे दोष निर्दयपणे उघडे करते.

मुद्रणाच्या वेळी की मिश्रणाच्या वेळी?

फितीवरील मुद्रणाच्या काळात गायन दाबूनच फितीवर नोंदविणे ही सामान्य रीत होती. फितीचा स्वतःचा खरखराट असल्याने हलका आवाज पुरेशा पातळीवर नोंदविणे भाग होते, आणि स्टुडिओत एखाद-दुसराच चांगला कॉम्प्रेसर असल्याने मिश्रणाच्या वेळी तो दुसऱ्या कामाला हवा असे. चोवीस बिटांच्या डिजिटल मुद्रणात पहिले कारण जवळजवळ उरलेले नाही.

मुद्रणाच्या वेळी दिलेला अतिरेकी दाब नंतर काढून टाकता येत नाही. पातळी वर-खाली करून चढउतारांचे ढोबळ रूप परत आणता येते, परंतु रिलीजचा काळ सतत बदलत असल्याने मूळ वळण तंतोतंत उलटे करणे शक्य होत नाही. गायकाने पुन्हा गाणे, हा एकच उपाय राहतो, आणि तो नेहमी उपलब्ध असतोच असे नाही. त्यामुळे मुद्रण करताना २ ते ३ डेसिबलच्या पुढे न जाणे आणि अधिक दाब हवा असल्यास तो मिश्रणासाठी राखून ठेवणे, ही सावध पद्धत आज अधिक रूढ आहे.

दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. गायक हेडफोनमधून जे ऐकतो, त्यानुसार गातो. दाबलेला, समतल आवाज कानात येत असेल, तर हलके शब्दही स्पष्ट ऐकू येतात आणि गायक आवाज ताणत नाही. उलट, जड दाब असेल, तर जोर लावूनही आवाज मोठा होत नाही असे जाणवून काही गायक अधिकच जोर लावतात. सोय असल्यास न दाबलेला संकेत एका पट्टीवर आणि एलए-२ए मधून आलेला दुसऱ्या पट्टीवर नोंदवून गायकाला दुसरा ऐकवतात. खर्च फक्त एका जास्तीच्या पट्टीचा असतो.

देखभाल आणि जीर्णता

नलिका झिजतात आणि बदलता येतात. टी-४ ची झीज मात्र लपून होते. प्रकाशपट्टी वर्षानुवर्षांच्या वापराने मंद होत जाते, त्यामुळे तेवढाच दाब मिळविण्यासाठी पीक रिडक्शन अधिकाधिक पुढे न्यावे लागते. नॉब शेवटच्या टोकाजवळ नेऊनही काटा जेमतेम हलत असेल आणि आत येणारी पातळी योग्य असेल, तर प्रकाशघटक किंवा त्याला चालविणारी ६एक्यू५ नलिका यांपैकी एक निकामी होत आली आहे असे समजावे. नलिका बदलणे स्वस्त असल्याने तपासणी तेथून सुरू करतात. नवा टी-४ बसविल्यावर यंत्राची चाल थोडी बदलते. जुन्या दोन यंत्रांचा आवाज सहसा सारखा नसण्याचे हेही एक कारण आहे.

यंत्र बंद करून तार काढल्यानंतरही धारित्रांमध्ये धोकादायक विद्युत् भार काही काळ टिकून राहतो. शून्य व आर३७ यांच्या समायोजनापलीकडची आतील कामे जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावीत. कॅडमियम विषारी असल्याने निकामी टी-४ घटक फोडू नये किंवा कचऱ्यात टाकू नये. युरोपीय संघाच्या घातक पदार्थांविषयीच्या निर्बंधांत व्यावसायिक ध्वनियंत्रांतील अशा रोधकांना दिलेली सवलत इ.स. २०१३ च्या अखेरीपर्यंतच होती.

सॉफ्टवेअर रूपे

एलए-२ए ची संगणकीय प्रतिरूपे अनेक उत्पादकांनी काढली आहेत. युनिव्हर्सल ऑडिओ आणि वेव्हज या कंपन्यांची रूपे विशेष प्रचारात आहेत. दर्शनी चित्र मूळ यंत्राचेच असल्यामुळे वर दिलेली कार्यपद्धती येथेही बहुतांशी लागू पडते. तापण्याचा काळ, विद्युत् दाब आणि काट्याचे शून्य यांची चिंता मात्र राहत नाही. संकेत वगळण्याचा खटका असल्याने तुलनाही सोपी होते.

उंबरठ्यासाठी वेगळा नॉब नसल्यामुळे आत येणाऱ्या पातळीचे महत्त्व येथेही कायम राहते. अशी प्रतिरूपे सामान्यतः डिजिटल कमाल पातळीच्या बरीच खाली, पुष्कळदा उणे १८ डेसिबलच्या आसपास, नेहमीची कार्यपातळी गृहीत धरतात. कमाल पातळीच्या अगदी जवळ मुद्रित केलेली पट्टी जशीच्या तशी दिली, तर पीक रिडक्शन थोडेसे फिरविताच काटा खोल झुकतो आणि नॉबच्या सुरुवातीच्या अरुंद भागातच सारे काम करावे लागते. अशा वेळी प्रतिरूपाच्या आधी पट्टीची पातळी खाली आणतात. तयार संच निवडून ‘गायनासाठी’ अशी ठेवलेली मांडणी लावणे याच कारणाने फसते. त्या मांडणीतील नॉबचा आकडा कोणत्या पातळीच्या आवाजासाठी निवडला होता, हे तिच्या नावावरून कळत नाही.